यंत्राची साक्ष : चार्ल्स बॅबेज

संगणकाचा जनक कोण? हा एक मार्काचा प्रश्न आपण सगळ्यांनीच शाळेत सोडवलाय. उत्तर, चार्ल्स बॅबेज. पेपरात लिहायचं आणि विसरून जायचं! पण याच माणसाने आणखी एक गोष्ट सुचवली होती, जी गाइडमध्ये सापडत नाही. यंत्राचा घात होण्याआधी त्याच्या आत काय चाललं होतं, हे यंत्राने स्वतःच लिहून ठेवावं, ही ती गोष्ट.

आज मोठमोठे ॲप्लिकेशन सर्व्हर नेमकं हेच करतात. समजा, निकालाच्या दिवशी रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला. ड्यूटीवरचा माणूस काय करणार? रीस्टार्ट! साइट चालू झाली, सगळे खूश. पण रीस्टार्टबरोबर मेमरीतला सगळा पुरावा पुसला जातो आणि तोच सर्व्हर दुसऱ्या रात्री पुन्हा पडतो. म्हणून आधीच अशी सोय करून ठेवतात, की मेमरी संपली किंवा सर्व्हर अडकला की मेमरीची पूर्ण प्रत म्हणजे हीप डंप, कुठला थ्रेड कुठे थांबलाय त्याची यादी आणि लॉगच्या शेवटच्या ओळी आपोआप डिस्कवर उतरवल्या जाव्यात. माणूस झोपेतून उठून येईपर्यंत यंत्राने आपली साक्ष नोंदवलेली असते. आता हा विचार दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, वीजही घरात आली नव्हती तेव्हा, एका माणसाच्या डोक्यात होता म्हटलं तर पटेल का?

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकर, त्यामुळे घरी पैशाची ददात नव्हती. तब्येत मात्र लहानपणापासून नाजूक. गणिताचं वेड इतकं, की १८१० मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तेव्हा तिथलं शिकवणं त्याला मागासलेलं वाटू लागलं. कॅल्क्युलसमध्ये केंब्रिज अजून न्यूटनच्या टिंबांना चिकटून बसलं होतं. १८१२ मध्ये जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक वगैरे मित्रांना घेऊन त्याने ॲनालिटिकल सोसायटी काढली आणि लायब्निट्झची चिन्हं इंग्लंडात आणायचा चंग बांधला. आपण एम-वन, एम-टूच्या पेपरात डीवाय बाय डीएक्स लिहितो ना, ते केंब्रिजमध्ये रुजवण्यात या पोरांचा मोठा हात होता. आणि तेव्हा ही मंडळी आपल्याच वयाची होती बरं का!

१८२१ साली बॅबेज आणि हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टकं तपासायला बसले. त्या काळी कॅल्क्युलेटर कुठला? लॉगॅरिथम, ताऱ्यांची स्थानं, सगळं छापील कोष्टकात बघायचं. जहाजाचे कप्तान भर समुद्रात आपण कुठे आहोत हे त्यावरूनच काढायचे. आणि त्या कोष्टकांत चुकांमागून चुका निघाल्या! गणिताच्या चुका, नकल करतानाच्या चुका, छापखान्यात खिळे जुळवतानाच्या चुका. हे काम वाफेवरच्या यंत्राने केलं तर किती बरं होईल, असं बॅबेजला त्या वेळी वाटलं आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली.

१८२२ मध्ये त्याने एक छोटं मॉडेल बनवलं. १८२३ पासून सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली. हेच ते डिफरन्स इंजिन. यात त्याचा स्वभाव दिसतो. चूक झाल्यावर ती शोधत बसण्यापेक्षा चूक लपूच नये, असं यंत्र त्याला हवं होतं. त्याच्या रचनेत चाक अर्धवट फिरलं तर यंत्र अडकून बसावं, पण चुकीचं उत्तर देऊ नये, अशी योजना होती. उत्तर छापायचा साचाही यंत्रानेच तयार करायचा, म्हणजे मधे माणसाचा हात नको.

पण नशिबाने साथ दिली नाही. १८२७ हे वर्ष तर भयंकर होतं. त्या एका वर्षात वडील, पत्नी जॉर्जियाना आणि दोन मुलं गेली. बॅबेज खचून युरोपच्या प्रवासाला निघून गेला. परत आल्यावर काम चालू झालं, १८३२ मध्ये यंत्राचा साधारण सातवा हिस्सा जोडून झाला आणि तो अचूक चाललासुद्धा. पण पुढच्याच वर्षी मुख्य कारागीर जोसेफ क्लेमंट याच्याशी पैशांवरून वाद झाला आणि काम थांबलं ते थांबलंच. सतरा हजार पौंडांवर खर्च झाल्यावर १८४२ मध्ये सरकारने हात झटकले.

या सगळ्या भानगडीत बॅबेज रेल्वेकडे वळला. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाला तो हजर होता. त्याच दिवशी विल्यम हस्किसन हा खासदार रॉकेट इंजिनाखाली सापडून मरण पावला. नवीन यंत्र किती घातक ठरू शकतं, हे सगळ्यांनी पाहिलं. रुळावरचा अडथळा बाजूला सारणारी चौकट इंजिनाच्या पुढे बसवावी, असं बॅबेजने तेव्हाच सुचवलं. काऊकॅचर म्हणतात ती हीच कल्पना.

पुढे इसंबार्ड ब्रुनेल याने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी सात फुटी गेज निवडला. आपला ब्रॉड गेज साडेपाच फुटांचा, यावरून अंदाज येईल. त्यावर प्रचंड वादंग झाला. कोणी म्हणे डबे जास्त हादरतात, कोणी म्हणे कमी. ज्याचं त्याचं मत! १८३९ च्या सुमारास बॅबेजने या वादात आकडे आणायचं ठरवलं. त्याने एक डबा आतून रिकामा करून घेतला. त्यात लांबच लांब टेबल आणि त्यावर हळूहळू सरकणारा, हजार फूट लांबीचा कागद. कागदावर शाईच्या बऱ्याच पेनांनी रेघा उमटत. इंजिन किती जोराने ओढतंय, डबा वरखाली किती हलतोय, आडवा किती, पुढेमागे किती, याची प्रत्येकाची वेगळी रेघ. शिवाय एक घड्याळ त्याच कागदावर दर अर्ध्या सेकंदाला खूण करी. आजच्या भाषेत सांगायचं तर टाइमस्टॅम्पसहित लॉग फाइल! या प्रयोगांवर त्याने जवळपास पाच महिने आणि स्वतःच्या खिशातले सुमारे तीनशे पौंड घालवले.

एका रविवारी तर तो थोडक्यात वाचला. लाइन मोकळी आहे, असं तिथल्या माणसाने त्याला सांगितलं होतं. पण बॅबेजच्या कानाला दुरून इंजिनाचा आवाज आला. थोड्या वेळात एकटं इंजिन घेऊन ताशी पन्नास मैलांच्या वेगाने स्वतः ब्रुनेल हजर! बॅबेजची गाडी तेव्हा त्या रुळावर असती तर? नंतर त्याने ब्रुनेलला विचारलं, की समोरून गाडी येताना दिसली असती तर काय केलं असतंस? ब्रुनेलचा बेत असा, की आणखी वाफ सोडून समोरच्यालाच उडवायचं! तशी टक्कर झाली असती तर कोणाचा वेग किती होता, हे सांगायला कोण उरलं असतं?

१८६४ मध्ये छापलेल्या आत्मचरित्रात बॅबेजने आपलं मत स्पष्ट मांडलं. प्रत्येक इंजिनावर वेगाची आणि ओढीची आपोआप नोंद करणारी यंत्रणा सक्तीने असावी. अपघातानंतर ड्रायव्हर एक सांगतो, प्रवासी दुसरंच सांगतात आणि कंपनी तिसरं. कागदावरची रेघ मात्र घाबरत नाही आणि कोणाची बाजूही घेत नाही. विमानांसाठी ब्लॅक बॉक्सची कल्पना डेव्हिड वॉरन याने ऑस्ट्रेलियात मांडली ती १९५० च्या दशकात, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी.

यात एक महत्त्वाची गोष्ट आहे, ती आपल्याला प्रोजेक्ट करताना उपयोगी पडेल. अपघात झाल्यावर पेन लावून उपयोग नाही. गाडी सुरळीत चालू असतानाच पेन चालू हवं. हीप डंपचंही तेच. सर्व्हर चालू करतानाच तो पर्याय देऊन ठेवावा लागतो आणि डिस्कवर जागाही ठेवावी लागते. मेल्यानंतर सर्व्हरला काही विचारता येत नाही.

दरम्यान १८३४ पासून बॅबेजच्या डोक्यात ॲनालिटिकल इंजिन घोळत होतं. आकडे साठवायचं कोठार, आकडेमोड करायची गिरणी आणि सूचना देणारी छिद्रांची कार्डं. म्हणजे आपली मेमरी, प्रोसेसर आणि प्रोग्रॅमच. एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्यावर टिपणं लिहिली, ती आजही वाचली जातात. या यंत्राला लॉगॅरिथम हवा असेल तर ते घंटा वाजवून थांबणार. मदतनिसाने चुकीचं कार्ड घातलं, तर ते स्वतः तपासून आणखी मोठ्याने घंटा वाजवणार! एरर मेसेजसुद्धा बॅबेजने सोडला नव्हता.

हे यंत्र कधीच पूर्ण झालं नाही. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज वारला, तेव्हा हयातीत एकही मोठं यंत्र पुरं न केलेला, चिडका म्हातारा अशीच बऱ्याच लोकांच्या मनात त्याची प्रतिमा होती. रस्त्यावर वाद्यं वाजवणाऱ्यांशी त्याचं भांडण तर सगळ्या लंडनला माहीत होतं. त्याचा प्रोजेक्ट का कोसळला? कल्पनाच चुकीची होती की त्या काळच्या कारागिरीला ती झेपली नाही?

याचं उत्तरसुद्धा त्याच्याच सवयीमुळे मिळालं. त्याने १८४७ ते १८४९ मध्ये केलेल्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनचे तपशीलवार नकाशे जपून ठेवलेले होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यांच्यावरून, त्याच्या काळात शक्य होती तेवढीच अचूकता वापरून, यंत्राचा गणित करणारा भाग १९९१ मध्ये उभा केला. हँडल फिरवलं आणि एकतीस आकडी उत्तरं बरोबर आली. डिझाइन खरं होतं! बिघाड होता तो पैशात, भांडणात आणि माणसांत.

मित्रांनो, आपला प्रोग्रॅम क्रॅश झाला की आपण आधी वैतागतो आणि मग रीस्टार्ट मारतो. यापुढे रीस्टार्टच्या आधी एक मिनिट थांबून लॉग बघूया. आणि तो लिहिलाच जात नसेल, तर तशी सोय आजच करूया. बॅबेजला त्याच्या यंत्राचा न्याय मिळायला दीडशे वर्षं लागली, पण मिळाला, कारण त्याने मागे नोंद ठेवली होती.