२१४७४८३६४७ आणि ऑयलर

सी शिकताना २१४७४८३६४७ हा आकडा आपल्याला भेटतो. ३२ बिटांच्या इंटची ही कमाल मर्यादा. मला मात्र या आकड्यामागचा माणूस जास्त आवडतो : लिओनार्ड ऑयलर.

जन्म १७०७, स्वित्झर्लंडमधलं बासेल. विसाव्या वर्षी नोकरीसाठी थेट रशियात, सेंट पीटर्सबर्गला. तिशीच्या सुमारास उजवा डोळा गेला. मधली २५ वर्षं बर्लिनमध्ये काढून तो १७६६ साली परतला, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. १७७१ साली ऑपरेशन झालं, पण पुढे दिसणं जवळजवळ बंदच झालं. त्याच वर्षी राहतं घर जळालं.

आणि १७७२ साली या माणसानं सिद्ध केलं, की २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे आपला हाच आकडा, मूळ संख्या आहे! मर्सेन मूळ संख्यांतली ही आठवी. तो हजारो भागाकार करत बसला नाही. हिला भाग देणारी मूळ संख्या असलीच, तर तिला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार, हे त्यानं आधी ओळखलं. मग तपासायला उरले जेमतेम ३७२ आकडे.

१७८३ साली तो गेला. हॉस्टेलवर लाइट गेली की आपण पुस्तक मिटतो. ऑयलरचं गणित अंधारातही चालूच होतं.