रानडुकराचा माग काढता काढता ज्याला स्काऊट सापडलं, त्या बेडन पॉवेलची गोष्ट

शाळेत स्काऊटला होता? मग खाकी हाफचड्डी, गळ्यातला रुमाल, त्यात अडकवलेला वॉगल, डाव्या हातानं हस्तांदोलन आणि २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन हे सगळं आठवत असणार. त्या दिवशी सर एका फोटोला हार घालायचे. फोटोत रुंद काठाची टोपी घातलेला एक गोरा म्हातारा. नाव लॉर्ड बेडन पॉवेल.

स्काऊटचा संस्थापक, थोर माणूस, एवढं सर सांगायचे. पण हाच माणूस तरुणपणी आपल्या देशात घोड्यावर बसून, हातात भाला घेऊन रानडुकरांच्या मागे धावायचा, त्यातला सगळ्यात मानाचा कप त्यानं मिळवला आणि त्या शिकारीवर अख्खं पुस्तक लिहिलं, हे काही कुणी सांगायचं नाही.

आणि स्काऊटमध्ये पोरांना जे माग काढायला शिकवतात, त्यातला बराचसा धडा त्यानं याच डुकरांच्या मागे गिरवला होता.

तर सुरुवातीपासून बघू.

रॉबर्ट बेडन पॉवेल १८५७ साली लंडनमध्ये जन्मला. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच ते गेले. आईनं पोरं वाढवली. चार्टरहाऊस नावाच्या शाळेत हा अभ्यासात यथातथाच, पण शाळेशेजारच्या झाडीत लपून बसण्यात पटाईत. तिथं ससे पकडायचे, धूर दिसणार नाही अशा बेतानं चूल पेटवायची आणि मास्तर शोधत आले की झाडावर चढून बसायचं, हे याचे उद्योग. ऑक्सफर्डनं प्रवेश नाकारला. मग त्यानं सैन्याची परीक्षा दिली आणि घोडदळाच्या यादीत थेट दुसरा आला. १८७६ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, तो भारतात आला. नेमणूक लखनौला, १३व्या हुसार्स पलटणीत.

इथं त्याला रानडुकराच्या शिकारीचा नाद लागला.

इंग्रज साहेब याला पिगस्टिकिंग म्हणायचे. म्हणजे बंदूक नाही, फक्त घोडा आणि भाला. बंगालमध्ये आधी अशीच अस्वलांची शिकार व्हायची. १९व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अस्वलं मारून मारून कमी झाली, तेव्हा साहेबांनी मोर्चा डुकरांकडे वळवला. उत्तरेत फेब्रुवारी ते जुलै हा त्याचा हंगाम.

आता ही शिकार नेमकी चालायची कशी, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

रानडुक्कर रात्री शेतात उतरतं, पिकात तोंड घालतं आणि उजाडायच्या आत पाण्याजवळच्या उंच गवतात जाऊन पडतं. (हे विदर्भातल्या नाहीतर कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि हो, हे वाचून भाला शोधू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे.) त्यामुळं पहिलं काम म्हणजे पहाटे माग बघणं. खूर ताजा आहे की कालचा, दव त्यावर पडलंय की खुरानं पुसलंय, उकरलेली माती ओली आहे की वाळली, नर एकटा आहे की कळप आहे. मादीला मारायचं नाही असा दंडक होता, त्यामुळं हे आधी कळायलाच लागायचं.

मग हाकाऱ्यांची लांब रांग गवतात शिरायची. आरडाओरडा करत, काठ्या आपटत डुक्कर बाहेर काढायची. हे हाकारे आजूबाजूच्या गावातले गरीब लोक. त्यांच्याकडे ना घोडा, ना भाला, आणि चिडलेल्या डुकराच्या सगळ्यात जवळ तेच. साहेब लोक गवताच्या कडेला घोड्यावर थांबलेले.

डुक्कर बाहेर पडलं की घोडे सुटले. नवख्या माणसाला वाटतं की डुक्कर म्हणजे जड अंगाचं जनावर, केव्हाही गाठू. पण सुरुवातीला ते असं सुसाट पळतं की भले भले घोडे मागे पडतात. म्हणून पहिल्यापासूनच घोडा दामटायचा आणि डुकराला दम खायला उसंत द्यायची नाही, हा या शिकारीतला मुख्य नियम. घोडा जवळ आला की डुक्कर एकदम काटकोनात वळतं. स्वार सरळ पुढं निघून जातो, कधी घोड्यासकट विहिरीत नाहीतर घळीत. आणि पळून दमलेलं डुक्कर शेवटी उलटं फिरून अंगावर येतं. तेव्हा घोडा थांबवला तर संपलंच, कारण सुळे घोड्याचं पोट फाडतात. त्यावेळी समोरून वेगात जाऊनच भाला मारायचा.

भालेही दोन प्रकारचे. एक सात-आठ फुटी, हलक्या पण चिवट बांबूचा, खालच्या अंगानं धरायचा. दुसरा आखूड, सहा-साडेसहा फुटी आणि जरा जड, मुठीत अंगठा वर ठेवून वरून खाली खुपसायचा. दाट झाडीत आखूड भाला सोयीचा, पण त्यात डुक्कर फार जवळ येतं. ज्याच्या भाल्याला पहिलं रक्त लागलं, मान त्याचा.

बेडन पॉवेलची यात अडचण पैशाची होती. श्रीमंत अधिकारी तयार घोडे विकत घ्यायचे. याच्या पगारात ते बसत नव्हतं. मग हा कच्चे, स्वस्त घोडे घेऊन स्वतः तयार करायचा आणि चित्रं काढून, मासिकांत लेख लिहून चार पैसे जोडायचा. मध्येच पलटण अफगाणिस्तानात गेली. तिथं मैवंदला इंग्रजांचा सपाटून पराभव झाला होता. लढाईनंतर यानं त्या मैदानाचा नकाशा काढला. परत आल्यावर मुक्काम मथुरेला. इथं तो पहाटे उठून माग बघत हिंडायचा. त्यानं रानडुकराचं एक पिल्लूही पाळलं होतं. ते पिल्लू झाडाच्या बुंध्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं गरगर पळत, दोन्ही बाजूंनी सुळ्यांचे फटके मारायचा सराव करायचं आणि हा ते बघत बसायचा.

१८८३ मध्ये मेरठजवळ गंगेच्या खादरात होणारा कादिर कप त्याच्या घोड्यानं जिंकला. घोड्याचं नाव पेशन्स. तीन-चार स्वारांच्या तुकड्या, सोबत पंच आणि ज्याचा भाला आधी रक्ताळेल तो पुढच्या फेरीत, अशी ही स्पर्धा. साहेबांच्या जगात हा कप म्हणजे फार मोठी गोष्ट.

१८८९ मध्ये त्याचं पिगस्टिकिंगवरचं पुस्तक आलं. त्यात चित्रंही त्याचीच. या शिकारीत माणसाला मजा येते, घोड्याला येते आणि डुकरालाही येते असं त्याचं म्हणणं होतं. डुकराला कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

पुढं आफ्रिका. १८९६ मध्ये आजच्या झिम्बाब्वेत मातबेले लोकांचं बंड मोडताना त्यानं पकडलेल्या एका सरदाराला गोळ्या घालायला लावल्या. त्याची चौकशी झाली, त्यातून तो सुटला. १८९७ मध्ये पुन्हा भारतात, मेरठला, एका पलटणीचा प्रमुख म्हणून. इथं त्यानं सैनिकांना टेहळणी शिकवायला घेतली. छोट्या तुकड्या करायच्या, एकेकट्यानं रात्री रस्ता शोधायचा, पाऊलखुणा वाचायच्या. पास झालेल्याला बाणाच्या टोकासारखा बिल्ला. स्काऊटच्या चिन्हाचं मूळ हेच. या धड्यांचं पुस्तक १८९९ मध्ये निघालं.

त्याच वर्षी तो दक्षिण आफ्रिकेत माफेकिंग गावात बोअर सैन्याच्या वेढ्यात अडकला. (बोअर म्हणजे तिथले डच वंशाचे शेतकरी, डुकराच्या इंग्रजी नावाशी संबंध नाही.) खोटे सुरुंग पेरल्याचा देखावा कर, नसलेली काटेरी तार ओलांडल्याचं नाटक सैनिकांकडून करवून घे, असं करत त्यानं २१७ दिवस गाव लढवलं. गावातली गोरी पोरं सायकलवरून निरोप पोचवायची. या वेढ्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शिध्यात फरक होता आणि उपासमारीनं मेले ते मुख्यतः आफ्रिकन लोक. इतिहासकार त्यावर आजही वाद घालतात. पण तेव्हा इंग्लंडमध्ये तो एका रात्रीत हिरो झाला.

परत आल्यावर बघतो तर त्याचं सैनिकांसाठी लिहिलेलं पुस्तक शाळकरी पोरं वाचतायत. मग १९०७ मध्ये ब्राऊनसी बेटावर वीसेक पोरांचं शिबिर झालं आणि १९०८ मध्ये पोरांसाठीचं पुस्तक आलं. भाला गेला, माग काढणं राहिलं. पुढं काही वर्षांत स्काऊट जगभर पसरलं.

भारतात ते १९०९ मध्ये आलं. पण कुणासाठी? गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय पोरांना माग काढायला, छावणी टाकायला, शिस्तीत चालायला शिकवलं तर उद्या तीच क्रांतिकारक होतील, ही सरकारला धास्ती. म्हणजे बघा, ज्या गंगाकाठी हे सगळं शिकला, तिथल्या हाकाऱ्याच्या पोराला त्यात जागा नाही.

मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. शहाजहानपूरला श्रीराम वाजपेयी, मद्रासला ॲनी बेझंट, अलाहाबादला मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांची सेवा समिती. १९२१ मध्ये बेडन पॉवेल स्वतः भारतात आला. बेझंटबाईंची संघटना त्याच्यासोबत गेली, सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. १९३७ मध्ये दिल्लीच्या जांबोरीनंतर त्यानं भारतीयांच्या चारित्र्याबद्दल अपमानास्पद विधानं केली आणि देशभर संताप उसळला. त्यातूनच पुढच्या वर्षी हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. हे सगळे तुकडे एकत्र यायला १९५० उजाडलं. तेव्हा झाली ती आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स, जिचा गणवेश आपण घातला.

कादिर कप शेवटचा झाला १९३९ मध्ये. बेडन पॉवेल तेव्हा केनियात न्येरीला राहात होता. म्हातारपणी त्याला बंदुकीपेक्षा कॅमेरा घेऊन जनावरांच्या मागे जाणं आवडायचं. ८ जानेवारी १९४१ला तो तिथंच गेला. त्याच्या थडग्यावर नाव आणि तारखांसोबत एक छोटी खूण कोरली आहे, वर्तुळ आणि मधोमध ठिपका. स्काऊटच्या माग काढण्याच्या खेळात तिचा अर्थ एवढाच की पुढं शोधू नका, मी घरी गेलोय.