अप्टन सिंक्लेअर : एका कादंबरीचे यश आणि खंत

परमुलुखी पोट भरावयास गेलेल्या माणसाला काय काय सोसावे लागते, हे आपणां बंगळूरकर मराठी मंडळींना सांगावयास नको. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या परदेशी मजुरांच्या नशिबी मात्र सोसण्याला अंतच नव्हता. त्यांची कैफियत जगापुढे मांडणारे लेखक म्हणजे अप्टन सिंक्लेअर.

त्यांचा जन्म २० सप्टेंबर १८७८ रोजी बाल्टिमोर येथे झाला. वडील मद्याचे विक्रेते आणि स्वतःही मद्याच्या आहारी गेलेले. घरी ओढग्रस्त, तर आजोळी सुबत्ता. ही विषमता बालमनावर कायमची कोरली गेली. पुढे शिक्षणाचा खर्च त्यांनी लेखणीवर भागविला.

शिकागोचा गुरांचा अवाढव्य बाजार १८६५ साली सुरू झाला होता. बर्फाने थंड ठेवलेल्या रेल्वे-डब्यांमुळे तेथील मांस दूरच्या शहरांत जाऊ लागले. टांगलेले जनावर मजुरांपुढून सरकत जाई आणि प्रत्येक जण नेमून दिलेला एकच घाव घाली. कामाचा वेग मालक ठरवीत. १९०४ साली या मजुरांचा संप फसला. त्याच वर्षी सिंक्लेअर सात आठवडे त्यांच्यात मिसळून राहिले. त्यातून एका लिथुआनियन कुटुंबाच्या वाताहतीची ‘द जंगल’ ही कादंबरी जन्मास आली. १९०५ साली ती एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली आणि १९०६ च्या फेब्रुवारीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

वाचक हादरले, पण मजुरांच्या हालांपेक्षा आपल्या ताटात येणाऱ्या सडक्या मांसाच्या वर्णनाने. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशी करविली आणि ३० जून १९०६ रोजी मांस-तपासणीचा कायदा झाला. सरकारी निरीक्षक कत्तलीपूर्वी व कत्तलीनंतर जनावरे तपासू लागले. मजुरांचे वेतन, कामाचे तास, अपघात यांविषयी मात्र त्या कायद्यात अवाक्षर नव्हते. हात घातला काळजाला आणि लागला तो पोटाला, अशी खंत सिंक्लेअर यांना राहिली. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची बाजू ‘दीनबंधु’ पत्रातून मांडलीच, शिवाय कामगारांना संघटितही केले. तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली.

सिंक्लेअर १९३४ साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. १९४३ साली पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी ठरले. १९६७ साली मांस-तपासणीचा नवा, अधिक व्यापक कायदा झाला. त्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वाक्षरी केली, त्या समारंभास एकोणनव्वद वर्षांचे सिंक्लेअर निमंत्रित म्हणून उपस्थित होते. पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९६८ रोजी, त्यांचे निधन झाले.

अन्न शुद्ध आहे ना, हे माणूस स्वतःसाठी विचारतो. ते सिद्ध करणारे हात सुखरूप आहेत ना, हे त्याने दुसऱ्यासाठी विचारावे, एवढीच सिंक्लेअर यांची अपेक्षा होती.