हुमणीच्या बुरशीपासून पांढऱ्या पेशींपर्यंत

सास्तूर असो की आणखी कोणते गाव, वांगी-टोमॅटोचे पिवळे पडलेले, खुरटलेले रोप उपटले की कधी कधी मुळांवर गाठी दिसतात. हे काम नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींचे. त्यांना मारायला जमिनीत दुसरा जीव सोडायचा, ही कल्पना ज्यांच्या कामातून पुढे आली त्यांत इल्या मेचनिकॉव्ह यांचे नाव मोठे आहे. डॉक्टर मंडळी मात्र त्यांना पांढऱ्या पेशींसाठी ओळखतात.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमध्ये झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. ओडेसा येथे प्राध्यापक असताना त्यांची पहिली पत्नी १८७३ मध्ये क्षयाने गेली. त्या धक्क्यातून सावरायला त्यांना फार वेळ लागला.

१८७९ मध्ये गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारणारी हिरवी बुरशी त्यांनी शोधली आणि तीच किडीवर वापरावी असे सुचवले. उसातल्या हुमणीसाठी आपले शेतकरी आज वापरतात ते मेटारायझियम म्हणजे हीच बुरशी.

१८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतूंना अशाच गिळतात, हे त्यांनी पुढे दाखवून दिले. याच कामासाठी १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत मिळाले.

वाट सरळ नव्हती. ओडेसाच्या प्रयोगशाळेतील अँथ्रॅक्सच्या लशीने असंख्य मेंढ्या दगावल्या. टीका झाली आणि १८८८ मध्ये ते पॅरिसला पाश्चर यांच्याकडे गेले. त्याच वर्षी पाणपिसूच्या शरीरात वाढणाऱ्या एका जिवाणूला त्यांनी पाश्चर यांचे नाव दिले: पाश्चुरिया. त्यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनीच १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली.

पाश्चुरियाचा एक भाऊबंद सूत्रकृमींवर जगतो. त्याचे बीजाणू मातीत फिरणाऱ्या पिल्लाच्या कातडीला चिकटतात, आत शिरतात आणि मादीचे शरीर भरून टाकतात. मग ती अंडी घालू शकत नाही. हा जीव जिवाणू आहे, हे मात्र १९७० च्या दशकात कळले.

आंबवलेल्या दुधाने आयुष्य वाढते, असे मेचनिकॉव्ह मानत. दही पचनाला चांगले, पण दीर्घायुष्याचा तो दावा सिद्ध झालेला नाही. स्वतः ते १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेले.

मेंढ्यांचा तो प्रसंग आजही विसरण्यासारखा नाही. जिवंत औषध जपूनच वापरावे लागते. जैविक पाकीट घेताना मुदत पाहावी, ते उन्हात ठेवू नये, रासायनिक बुरशीनाशकात मिसळू नये. गुण यायला वेळ लागतो, म्हणून ते लागवडीच्या वेळीच द्यावे.