विठाबाई नारायणगावकर: फडावरचा तो किस्सा आणि हाडांचं गणित

फडावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या. विठाबाई आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर येऊन उभ्या राहिल्या. मघाशी दिसणारं पोट आता दिसत नाही हे पब्लिकच्या लक्षात आलं. विचारपूस झाली, खरं काय ते कळलं आणि लोकांनीच खेळ थांबवून त्यांना आराम करायला लावला.

हा किस्सा असाच सांगितला जातो आणि सोशल मीडियावर अधूनमधून फिरतही असतो. खाली सलाम ठोकणारे इमोजी पडतात. पण ज्या शरीराने हे केलं, त्या शरीराबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

विठाबाईंचा जन्म 1 जुलै 1935 चा, पंढरपूरचा. घराणं तमाशाचं. आजोबा नारायण खुडे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. फड त्यांनी उभा केला. पुढे वडील आणि चुलत्यांनी तो भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने गाजवला. जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात.

विठाबाईंचं शाळेत मन रमलं नाही. गुरूकडे बसून रीतसर शिक्षणही झालं नाही. लावणी, गवळण कानावर पडतच त्या वाढल्या आणि लहान वयातच पायात चाळ बांधून उभ्या राहिल्या.

आता हे चाळ प्रकरण समजून घ्यायला पाहिजे. घुंगरांनी भरलेले जड चाळ बांधून ढोलकीच्या तोडावर पाय आपटायचे, गिरकी घ्यायची, थांबायचं, पुन्हा आपटायचे. आपण याला कला म्हणतो आणि ती आहेच. पण हाडांना कला कळत नाही, हाडांना फक्त दणका कळतो.

साधं धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. उडी मारून उतरलं की त्याहून जास्त. या दणक्याने हाड किंचित वाकतं, आतल्या बारीक नळ्यांमधला द्रव हलतो आणि हाडातल्या पेशींना निरोप जातो की इथे भर घाला. पोहण्यात किंवा सायकल चालवण्यात दमछाक भरपूर होते, पण असा दणका नसतो. म्हणून हाडांना त्याचा फायदा कमी.

यात वयाला फार महत्त्व आहे. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांवरचा एक अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भक्कम निघालं आणि पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्यांमध्ये हा फरक जवळपास दुप्पट होता. मुलींची हाडं साधारण 12-13 व्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने भरतात. त्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडातल्या खनिजाचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो. म्हणजे जे वय नाचणाऱ्या पोरीला नावं ठेवण्याचं मानलं जायचं, तेच वय हाडं कमावण्याचं.

पण दणका हा नुसता निरोप असतो. भर घालायला माल लागतो, वेळ लागतो. आणि तमाशात नेमका याचाच तुटवडा. दसऱ्यापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंतचा हंगाम, आज हे गाव तर उद्या ते. रात्रीची जागरणं, गाडीतला प्रवास, जेवण मिळेल तेव्हा. शरीर जेवढं खर्च करतं तेवढं पोटात गेलं नाही तर पाळी अनियमित होते, कधी बंदही पडते, इस्ट्रोजेन घटतं आणि ज्या दणक्याने हाड घडायचं त्याच दणक्याने त्याला बारीक तडे जायला लागतात. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. नाव नवं आहे, उपाशीपोटी राबणं जुनंच आहे. जुन्नर-आंबेगावात पोलीस भरतीसाठी पहाटे रिकाम्या पोटी डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरींनाही हेच गणित लागू होतं.

त्यात बाळंतपण. पोटातल्या बाळाचा सांगाडा घडायला सुमारे 30 ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. आईच्या ताटातून मिळालं नाही तर ते तिच्या हाडांतून घेतलं जातं. अंगावरचं दूध सुटल्यावर ही झीज बऱ्याच अंशी भरून निघते, पण त्यासाठी पोटभर अन्न आणि आराम हवा. किस्सा पुन्हा वाचला तर दिसतं की विठाबाईंना त्या रात्री आराम मिळाला तो प्रेक्षकांनी खेळ थांबवला म्हणून. त्या स्वतः तर खेळ पुरा करायला निघाल्या होत्या. फडाचं पोट त्या खेळावर होतं.

1957 मध्ये आणि पुढे 1990 मध्ये त्यांना राष्ट्रपती पदक मिळालं. मधल्या काळात नाव महाराष्ट्रभर झालं, पैसा मात्र टिकला नाही. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं, त्यातले फार थोडे शेवटी सोबत होते. 15 जानेवारी 2002 रोजी विठाबाई गेल्या. दवाखान्याचं बिल देणगीदारांच्या पैशातून भागवावं लागलं.

2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना पुरस्कार देतं.