कामगारांसाठी गाव वसवणाऱ्या कॅडबरीने खटला जिंकला, पण भरपाई मिळाली पाव पेनी

आपल्याकडे लहान पोर दुकानात गेलं की चॉकलेट मागत नाही, कॅडबरी मागतं. मग हातात पडलेलं चॉकलेट कुठल्या का कंपनीचं असेना. हे नाव इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या एका घराण्याचं. ते मोठं करणाऱ्या जॉर्ज कॅडबरीची गोष्ट मात्र नुसती गोड नाही.

जॉर्जचा जन्म १८३९ चा. घराणं क्वेकर, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका छोट्या पंथाचं. साधी राहणी, खरेपणा, युद्धाला विरोध ही त्यांची शिकवण. कित्येक पिढ्या ऑक्सफर्ड-केंब्रिजचे दरवाजे क्वेकरांना बंद होते आणि सैन्यात ते जायचे नाहीत. त्यामुळे हुशार पोरं धंद्यात उतरायची. जॉर्जचे वडील जॉन यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान टाकलं. लोकांनी दारू सोडून चहा, कॉफी, कोको प्यावा अशी त्यांची इच्छा होती.

१८६१ मध्ये धंदा जॉर्ज आणि थोरला भाऊ रिचर्ड यांच्या हाती आला, तेव्हा तो बुडायला टेकला होता. जॉर्ज होता अवघा २१ वर्षांचा. आईकडून मिळालेले प्रत्येकी ४ हजार पौंड दोघांनी धंद्यात घातले.

त्या काळी कोकोत बटाट्याचं नाहीतर साबुदाण्याचं पीठ मिसळायचे. कोकोतली जास्तीची चरबी लपवायला दुसरा उपाय नव्हता. कॅडबरीही तेच करत होते. मग जॉर्ज हॉलंडला गेला आणि ही चरबी दाबून काढणारं यंत्र घेऊन आला. १८६६ मध्ये बिनभेसळीचा ‘कोको एसेन्स’ बाजारात आला. पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये अन्नभेसळीविरोधात कायदे झाले आणि शुद्ध कोको हीच कॅडबरीची सगळ्यात मोठी जाहिरात ठरली.

धंदा सांभाळत जॉर्ज दर रविवारी सकाळी कामगारांना बायबलच्या आधारे लिहा-वाचायला शिकवायचा. हा नेम त्याने जवळपास ५० वर्षं पाळला. याच ओळखीतून त्याने कामगारांची कोंदट, अंधारी घरं आतून पाहिली. माणूस असा राहत असेल तर त्याला नुसता उपदेश करून काय उपयोग, हे त्याला कळून चुकलं.

१८७९ मध्ये दोघा भावांनी कारखाना शहराबाहेर चार मैलांवर हलवला. त्या जागेचं नाव ठेवलं बोर्नव्हिल. १८९५ पासून जॉर्जने तिथे घरं बांधायला घेतली. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडं, आणि गावात दारूचा गुत्ता नाही. घरं फक्त कॅडबरीच्या कामगारांसाठी नव्हती, बाहेरच्यांनाही मिळत. १९०० मध्ये त्याने ३०० हून जास्त घरं आणि ३३० एकर जमीन एका ट्रस्टला देऊन टाकली. उत्पन्न कॅडबरींच्या घरी न येता गावासाठीच वापरायचं, अशी अट होती.

पण याच सुमारास एक वेगळी बातमी आली.

कॅडबरीचा निम्म्याच्या आसपास कोको आफ्रिकेजवळच्या साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून यायचा. तिथले मजूर कागदोपत्री कराराचे, प्रत्यक्षात अंगोलातून धरून आणलेले गुलाम आहेत, असं १९०१ मध्ये कंपनीच्या कानावर आलं. कंपनीने चौकशीसाठी माणूस पाठवला, पोर्तुगाल आणि ब्रिटन दोन्ही सरकारांशी बोलणी केली. खरेदी थांबवली तर आपल्या शब्दाला वजन राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कोको मात्र येतच राहिला.

जॉर्जचं स्वतःचं ‘डेली न्यूज’ हे वर्तमानपत्र होतं. दक्षिण आफ्रिकेत चिनी मजुरांना गुलामासारखं राबवलं जातं, म्हणून ते सरकारवर तुटून पडत होतं. १९०८ मध्ये ‘स्टँडर्ड’ या विरोधी वर्तमानपत्राने याच ढोंगावर बोट ठेवलं. कॅडबरीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. मार्च १९०९ मध्ये साओ टोमेची खरेदी थांबवली, पण तोवर आठ वर्षं गेली होती.

डिसेंबर १९०९ मध्ये निकाल लागला. ज्यूरीने कॅडबरीच्या बाजूने कौल दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! इंग्लंडमधलं सगळ्यात लहान नाणं. कायद्याने अब्रू गेली हे मान्य, पण तिची किंमत एवढीच.

१९२२ मध्ये जॉर्ज वारला. कॅडबरी भारतात आली ती १९४८ मध्ये. आपल्याकडे मिळणाऱ्या ‘बोर्नव्हिल’ चॉकलेटचं नाव त्याच्याच गावावरून पडलंय. तो ट्रस्ट आजही ते गाव सांभाळतो. डोळ्यांसमोरच्या कामगाराला जॉर्जने बागेसकट घर मिळवून दिलं. हजारो मैलांवरच्या कामगाराला मात्र आठ वर्षं वाट पाहावी लागली.