फाळकेंच्या १४ वर्षं आधी मुंबईत कॅमेरा फिरवणारे सावेदादा

भारतीय सिनेमा म्हटलं की दादासाहेब फाळके आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण त्याआधीच एका मराठी फोटोग्राफरने मुंबई हलत्या चित्रांत टिपली होती.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा. जन्म १८६८, मुंबई. धंदा फोटो स्टुडिओचा.

१८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. सावेदादांनी मग थेट इंग्लंडहून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी!

शूट काय केलं? आपलंच शहर. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती लावली. रीळ धुवायला लंडनला पाठवावं लागलं. मग माकडांचा खेळ करणारा मदारी टिपला. १९०१ मध्ये पारशांची अग्यारी आणि केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागतही. हा भारतातला पहिला बातमीपट मानतात.

पुढे त्यांनी गेइटी थिएटर सांभाळलं. १९५८ मध्ये ते गेले.

आज त्यांचं एकही रीळ उपलब्ध नाही. तो मदारी, ती कुस्ती आता फक्त यादीतल्या नावांपुरती उरलीय.

सीएसएमटीसमोर कॅपिटॉल सिनेमाची जुनी इमारत दिसली, तर लक्षात ठेवा. तेच सावेदादांचं गेइटी.